बेस्टला खुले पत्र: फेब्रुवारी २०२० चे वेळापत्रक आधी टेबलावर घ्या

प्रति,
महाव्यवस्थापक, बेस्ट उपक्रम
आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय: करोनाकाळात कमी झालेल्या बसफेऱ्या पूर्ववत करण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली, तेव्हा या शहरात चाकावर राहिली ती बेस्टच. परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, पोलीस यांना कामावर पोहोचवले ते बेस्टच्या चालक-वाहकांनी. ८ जून २०२० पासून बस सर्वांसाठी खुली झाली, एका आसनावर एकच प्रवासी या अटीवर. सर्वसामान्यांना लोकलची दारे उघडली ती १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठरावीक वेळांपुरती. तोवर एसटीच्या गाड्या मदतीला घेऊन बेस्टने मुंबई ओढली. हे मुंबईकर विसरलेले नाहीत, आणि आम्हीही ते मनात ठेवूनच हे पत्र लिहीत आहोत.

त्या काळात फेऱ्या कमी करणे समजण्यासारखे होते. शाळा बंद, कार्यालये बंद, कर्मचारी आजारी. पण तात्पुरती म्हणून केलेली कपात उठवण्याआधीच तिच्यावर दुसऱ्या कपातींचे थर चढले. जुन्या गाड्या भंगारात निघाल्या. भाडेतत्त्वावरच्या गाड्यांचे काही कंत्राटदार मधेच काम सोडून गेले. २०२२ मध्ये मागवलेल्या २,१०० विद्युत बसचा पुरवठा रखडत राहिला. २०१० च्या सुमारास साडेचार हजारांवर असलेला ताफा भाड्याच्या गाड्या धरूनही तीन हजारांच्या आत आला. स्वतःच्या ३,३३७ गाड्या राखण्याचे कामगार संघटनेशी झालेल्या २०१९ च्या करारात ठरले होते, त्या हजाराच्याही खाली गेल्या. आता कुठली फेरी करोनामुळे गेली, कुठली गाडी नाही म्हणून आणि कुठली चालक नाही म्हणून, हे कोणत्याही एका कागदावर दिसत नाही. आमची पहिली मागणी त्या कागदाचीच आहे.

लॉकडाऊनपूर्वीचे, म्हणजे फेब्रुवारी २०२० चे मार्गनिहाय वेळापत्रक काढा. त्याच्या शेजारी आज मंजूर असलेले वेळापत्रक ठेवा. तिसऱ्या रकान्यात गेल्या महिन्यात प्रत्यक्ष धावलेल्या फेऱ्या लिहा. प्रत्येक मार्गासाठी पहिली गाडी, शेवटची गाडी, गर्दीच्या तासातील दोन गाड्यांमधले अंतर आणि दुपारचे अंतर, एवढेच पुरे. मार्गांची फेररचना झाली, काही लांब मार्ग तोडून आखूड केले, काहींचे क्रमांक बदलले, त्यामुळे नुसता क्रमांक क्रमांकाशी जुळवून भागणार नाही. थांबा धरून मोजा: या थांब्यावरून त्या स्टेशनकडे तासाला किती गाड्या जात होत्या आणि आज किती जातात. तिकीट यंत्रांची आणि जीपीएसची नोंद उपक्रमाकडे आहेच. हे काम दोन आठवड्यांचे आहे.

‘नवीन इतक्या गाड्या दाखल’ अशी घोषणा होते, पण प्रवासी ताफ्यात किती गाड्या आहेत हे मोजत नाही, थांब्यावर किती मिनिटे उभे राहावे लागले हे मोजतो. एखाद्या मार्गाला एका बाजूने ५० मिनिटे लागतात आणि दोन्ही टोकांना १०-१० मिनिटांचा थांबा आहे असे धरा. पूर्ण फेरा १२० मिनिटांचा. दर १० मिनिटांनी गाडी हवी तर १२ गाड्या लागतात. त्यातल्या सहा काढल्या की अंतर २० मिनिटांवर जाते. इथवर सगळ्यांना कळते. पण बारांपैकी एक गाडी सकाळी आगारातून निघाली नाही तर २० मिनिटांची पोकळी पडते, आणि सहांपैकी एक निघाली नाही तर ४० मिनिटांची. गाड्या कमी केलेला मार्ग नुसता विरळ होत नाही, तो ठिसूळ होतो. एका नादुरुस्तीत सकाळचा तास वाया जातो आणि लोक रिक्षाकडे वळतात.

त्यात रस्त्याची भर. मेट्रोची कामे, काँक्रिटीकरण, दुतर्फा पार्किंग यामुळे ५० मिनिटांचा प्रवास ६५ मिनिटांवर गेला, तर फेरा १५० मिनिटांचा होतो. तेच १० मिनिटांचे अंतर राखायला आता १५ गाड्या हव्यात. बाराच ठेवल्या तर तासाला सहाऐवजी पाचही गाड्या सुटत नाहीत. म्हणजे एकही गाडी कमी न करता सेवा पाचव्या हिश्श्याने घटली. वेळापत्रकात मात्र ५० मिनिटेच राहिली तर टोकाचा थांबा उशिरात विरघळतो, चालकाला पाणी प्यायलाही सवड मिळत नाही, आणि शेवटी स्टार्टरला, म्हणजे टर्मिनसवरून गाड्या सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला, फेरी कापून गाडी अर्ध्या वाटेतून परत पाठवावी लागते. तेव्हा पूर्ववत करण्याच्या कामात धावेच्या वेळा नव्याने मोजणे आलेच. सकाळी ८ ते ११, दुपार, संध्याकाळी ५ ते ९ आणि रात्र, अशा चार निरनिराळ्या धाव-वेळा प्रत्येक मार्गाला हव्यात.

गाड्या जोडीने येणे हा दुखण्याचा दुसरा भाग. तासाला चार गाड्या दर १५ मिनिटांनी आल्या तर प्रवासी सरासरी साडेसात मिनिटे थांबतो. त्याच चार गाड्या दोन-दोनच्या जोडीने अर्ध्या तासाने आल्या तर सरासरी १५ मिनिटे थांबतो. गाड्या तेवढ्याच, डिझेल किंवा वीज तेवढीच, पगार तेवढाच, आणि वाट पाहणे दुप्पट. पुढची गाडी ओसंडून वाहते, मागची रिकामी, आणि रिकाम्या गाडीचा आकडा पाहून कुणीतरी फेरी कमी करण्याची शिफारस करतो. यावर उपाय नियंत्रणाचा आहे. १२ मिनिटांपेक्षा कमी अंतराच्या मार्गांवर घड्याळाऐवजी पुढच्या गाडीपासूनचे अंतर पाहून गाडी सोडावी, आणि मार्गाच्या मध्यावर एका चौकीत दोन-तीन मिनिटे रोखण्याचा अधिकार स्टार्टरला द्यावा. त्याहून विरळ मार्गांवर मात्र घड्याळ पाळायलाच हवे, आणि ती वेळ थांब्यावर मराठीत छापलेली हवी.

‘प्रवासीच नाहीत’ हे उत्तर आम्हाला यापुढे ऐकायचे नाही. तिकीट यंत्र चढलेल्या माणसाची नोंद करते. अर्धा तास थांबून शेअर रिक्षात बसलेल्या बाईची, गाडी भरली म्हणून मागे राहिलेल्या विद्यार्थ्याची, गाडीचा भरवसा नाही म्हणून दुचाकी घेतलेल्या कामगाराची नोंद कुठल्याच यंत्रात नसते. फेऱ्या कापल्यानंतरच्या तिकिटांवरून मागणी ठरवली की ती दर वर्षी कमीच निघणार. मोजायचे तर गाडी सर्वांत जास्त भरते त्या थांब्यावर उभे राहून मोजा, टर्मिनसवर नको. मंगळवार ते गुरुवार मोजा. गाडी निघून गेल्यावर थांब्यावर किती उरले हेही लिहा. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते आणि गणेशोत्सवात शहराची सगळी घडीच बदलते, ते आठवडे धरू नका.

फेरी परत सुरू केली तर तिला मुदतही द्या. गेलेला प्रवासी पहिल्या आठवड्यात परत येत नाही. गाडी रोज येते हे त्याला आधी दिसावे लागते. पंधरा दिवसांत ‘प्रतिसाद नाही’ म्हणून बंद केलेली फेरी म्हणजे न केलेली चाचणी. शाळा सुरू होतात तेव्हा, जूनच्या मध्यावर, सुरुवात करा आणि दिवाळीपर्यंत हात लावू नका.

सुरुवात कुठून करावी याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. लोकल उत्तर-दक्षिण धावते. पूर्व-पश्चिम जोडणी आणि स्टेशनपासून वस्तीपर्यंतचे तीन ते पाच किलोमीटर हे बसचे खरे काम. मालाड स्टेशन ते मालवणी, गोवंडी-मानखुर्द ते शिवाजीनगर, कुर्ला ते वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी), अंधेरी पूर्व ते सीप्झ, भांडुप पश्चिमेच्या चढावरच्या वस्त्या, माहुलच्या पुनर्वसन वसाहती. इथे पायी जाणे लांब आणि रिक्षा रोज परवडत नाही. ९ मे २०२५ पासून पहिल्या पाच किलोमीटरचे साधे तिकीट ५ रुपयांवरून १० वर गेले, वातानुकूलित ६ वरून १२ वर. सुटे तिकीट काढून महिन्याला २५ दिवस ये-जा करणाऱ्याचे २५० रुपयांचे ५०० झाले. भाडेवाढीची सर्वांत मोठी झळ नेमकी या आखूड मार्गांवर बसली आहे, तर परत आलेल्या पहिल्या फेऱ्यांवर हक्कही त्यांचाच.

मेट्रो २अ आणि ७ जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण झाल्या, मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली. त्यांच्या स्थानकांना बस हवी यात वाद नाही. पण त्यासाठी जुन्या वस्तीची गाडी काढून नव्या स्थानकाबाहेर उभी केली जाऊ नये. मेट्रोसाठीच्या जोडफेऱ्यांना वेगळ्या गाड्या आणि वेगळा हिशेब हवा.

पहिल्या आणि शेवटच्या गाडीबद्दल थोडे सविस्तर, कारण कपातीची कात्री सर्वांत आधी तिथेच लागते. रात्री सव्वादहाच्या फेरीत दहा तिकिटे फाटली म्हणून ती तोट्याची ठरते. पण ज्या नर्सची पाळी रात्री दहाला संपते तिला परतीची गाडी नसेल तर ती सकाळचीही बस धरत नाही, पासही काढत नाही. शेवटची गाडी गेली की तिच्यासोबत दिवसभरातल्या कितीतरी फेऱ्यांचे प्रवासी जातात. म्हणून शेवटच्या दोन आणि पहिल्या दोन फेऱ्यांचा नफा-तोटा त्यांच्या तिकिटांवर काढूच नये. नियम सोपा ठेवा: स्टेशनवरून सुटणारी शेवटची बस त्या बाजूच्या उशिराच्या लोकलशी जुळलेली असावी, आणि ती ‘गाडी नाही’ या कारणाने कधीही रद्द होऊ नये. तिच्यासाठी आगारात एक गाडी आणि एक चालक राखीव असावा.

आता गाड्यांकडे. रस्त्यावर १०० गाड्या हव्या असतील तर आगारात ११० लागतात. सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी होते, एसीचे कॉम्प्रेसर बसतात, दरवाज्याची हवा गळते, टायर संपतात. राखीव गाड्या शून्यावर आणून सगळ्याच वेळापत्रकात घातल्या की कागदावर सेवा वाढते आणि थांब्यावर कमी होते. दुसरे असे की गाडी म्हणजे गाडी नव्हे. ज्या टेकडीच्या रस्त्यावर नऊ मीटरची ‘मिडी’, म्हणजे मध्यम आकाराची बस, कशीबशी वळते, तिथे बारा मीटरची गाडी वळतच नाही. मिडी गाड्या घेऊन कंत्राटदार निघून गेला तर त्या जागी मोठ्या गाड्या आल्याने आकडा भरतो, वस्ती मात्र सुटते. नव्या खरेदीत कोणत्या मार्गाला किती लांबीची गाडी लागते याचा तक्ता आधी करा, मागणी नंतर नोंदवा.

विद्युत गाड्यांचे आम्ही स्वागतच करतो, पण त्यांचे वेळापत्रक डिझेलच्या सवयीने करू नका. बारा मीटरची एसी बस किलोमीटरला साधारण एक ते सव्वा युनिट खाते. अडीचशे युनिटांच्या बॅटरीतली पाचव्या हिश्श्याची राखीव सोडली तर दोनशे युनिटे हाती राहतात, म्हणजे १६० ते २०० किलोमीटर. मे महिन्यात, एसी पूर्ण ताकदीने चालू असताना, खालचाच आकडा धरा. दोन पाळ्यांच्या गाडीला मग दुपारी पुन्हा चार्जिंग लागते. आगारात ३० गाड्या आणि एकाच वेळी दोन गाड्यांना जोडता येणारे सहा चार्जर असतील तर एका वेळी १२ गाड्या चार्जिंगला लागतात. गाडीला दीड तास धरला तर तीन पाळ्यांत साडेचार तास जातात. पाळी बदलताना दुपारी एकला सगळ्या गाड्या एकदम आत घेतल्या तर शेवटची साडेपाचला बाहेर पडते, तोवर संध्याकाळची गर्दी सुरू झालेली असते. साडेदहापासून टप्प्याटप्प्याने आत घेतल्या तर तीनला सगळ्या मोकळ्या. एवढ्या एका बदलाने संध्याकाळच्या फेऱ्या वाचतात. २४० किलोवॉटचे सहा चार्जर म्हणजे जवळपास दीड मेगावॉटचा भार. शहरात, माहीम-शीवपर्यंत, वीज बेस्टचीच आहे. उपनगरातल्या आगारांना ती दुसऱ्या कंपन्यांकडून घ्यावी लागते, म्हणून उच्चदाब जोडणीचा अर्ज गाड्यांच्या मागणीबरोबरच जायला हवा. गाड्या येऊन उभ्या आणि वीज नाही, हे टाळता येण्यासारखे आहे.

माणसांशिवाय गाडी हलत नाही. दोन पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, रजा आणि आजारपण धरले तर एका गाडीमागे पावणेतीन चालक लागतात आणि तितकेच वाहक. शंभर गाड्या वाढवायच्या तर सुमारे २७५ चालक आधी तयार हवेत. वाहक वाचवण्यासाठी विनावाहक गाड्या चालवल्या जातात. टोकापासून टोकापर्यंतच्या मार्गावर ते चालते, पण मधल्या थांब्यांवर चढणारे जास्त असतील तिथे तिकिटासाठी गाडी खोळंबते किंवा थांबेच गाळले जातात. आखूड मार्गांवर वाहक परत द्या.

आणि फेऱ्या वाढवण्याच्या घाईत प्रशिक्षण कापू नका. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टची विद्युत बस गर्दीत घुसून माणसे दगावली, ते या शहराने पाहिले आहे. क्लच-गिअरच्या गाडीवर वर्षे काढलेला चालक विद्युत गाडीवर बसतो तेव्हा त्याच्या पायाखालचे सगळे बदललेले असते. पेडल दाबताच पूर्ण जोर मिळतो, पाय उचलला की गाडी आपणहून मंदावते, आणि इंजिनाचा आवाज नसल्याने वेगाचा अंदाज चुकतो. मोकळ्या पटांगणावर, मग रिकाम्या गाडीने मार्गावर, मग भरलेल्या गाडीने, दिवसा आणि रात्री, प्रशिक्षक शेजारी बसलेला, एवढे झाल्याशिवाय कुणालाही गाडी देऊ नये. कंत्राटदाराच्या चालकालाही हेच लागू असावे, आणि शेवटची सही बेस्टच्या प्रशिक्षकाची असावी.

ड्यूटी लावताना संघटनांना बरोबर घ्या. एप्रिल २०१३ मध्ये संगणकावर तयार केलेल्या ‘कॅनेडियन’ ड्यूटी वेळापत्रकावरून संप झाला होता. सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास अशी तुटक ड्यूटी गर्दीच्या फेऱ्यांसाठी उपयोगी असते, हे खरे. पण मधले चार तास माणसाने काढायचे कुठे? टर्मिनसवर पंखा, पाणी, बाक आणि महिला वाहकांसाठी चालू स्थितीतले स्वच्छतागृह नसेल तर अशा ड्यूटीला कुणी तयार होणार नाही, आणि होऊही नये.

भाडेतत्त्वाच्या करारातील सर्वांत मोठी उणीव अशी की गाडीही कंत्राटदाराची आणि चालकही त्याचाच. तो गेला की रातोरात दोन्ही जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी संप केला तेव्हा कुठल्या आगारात एकाच कंत्राटदारावर किती भार आहे हे उघडे पडले. पुढच्या प्रत्येक करारात तीन गोष्टी हव्यात. कंत्राटदाराने काम सोडल्यास ठरलेल्या मुदतीपर्यंत गाड्या स्वतः चालवण्याचा बेस्टला अधिकार. एका आगारातल्या निम्म्याहून जास्त गाड्या एकाच कंत्राटदाराकडे नसाव्यात ही मर्यादा. आणि चालकाचा पगार थकल्यास कंत्राटदाराच्या बिलातून तो थेट चालकाच्या खात्यात भरण्याची तरतूद. दंड केवळ किलोमीटर बुडाल्याचा न लावता पहिल्या-शेवटच्या फेरीसाठी अनेक पटींनी लावा. नाहीतर कंत्राटदार दुपारच्या मोकळ्या रस्त्यावर किलोमीटर भरून काढतो.

आगारांच्या जमिनींच्या विकासाबाबत एवढेच: जिथे आगार आक्रसते तिथून गाड्या दुसरीकडे मुक्कामाला जातात. ६० गाड्या रोज दहा किलोमीटर रिकाम्या येणार आणि दहा किलोमीटर रिकाम्या जाणार असतील तर १,२०० किलोमीटर प्रवाशांविना जळतात. कोणत्याही प्रकल्पाआधी तितक्याच गाड्यांची पार्किंग आणि चार्जिंग जागेवर राहील हे लेखी हवे.

पैशांचा प्रश्न आम्ही टाळत नाही. वीज विभागाच्या जोरावर परिवहनाची तूट भरण्याची जुनी सोय राहिली नाही, आणि महापालिकेचे अनुदान बहुतांशी जुन्या देण्यांत जाते. आयुक्तांना विनंती अशी की अनुदानाचा एक भाग वेगळा काढून तो प्रत्यक्ष धावलेल्या किलोमीटरशी बांधावा, आणि त्यातही पहाटेच्या, रात्रीच्या व आखूड मार्गांच्या किलोमीटरला जास्त दर द्यावा. म्हणजे फेरी कापून पैसे वाचणार नाहीत, उलट बुडतील.

आगारनिहाय आकडे रोज जाहीर करा. सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला किती गाड्या बाहेर हव्या होत्या, किती बाहेर पडल्या, आणि न निघालेल्यांचे कारण: गाडी नाही, चालक नाही, वाहक नाही, नादुरुस्ती, रस्ता. ही नोंद आगारात रोज होतेच, ती बाहेर दाखवायची आहे. ‘चलो’ ॲपवर गाडी दिसत नसेल तर ती उशिरा आहे की निघालीच नाही, हे प्रवाशाला कळले पाहिजे. रद्द फेरीपुढे ‘रद्द’ असेच लिहा.

फेब्रुवारी २०२० शी तुलनेचा तक्ता पंधरा दिवसांत जाहीर व्हावा. त्यातून सर्वांत जास्त फेऱ्या गमावलेले पहिले ३० आखूड मार्ग निवडून त्यांचे सुधारित वेळापत्रक पुढच्या सहा आठवड्यांत लागू करावे. तक्ता संकेतस्थळावर टाकून थांबू नका. तो प्रत्येक आगाराच्या फाटकावर आणि मोठ्या स्टेशनांबाहेरच्या बस चौक्यांवर लावा, आणि हरकती-सूचनांसाठी तीन आठवडे द्या. त्या सूचना वाहकाकडेही लेखी देता याव्यात, कारण पहाटे पाचच्या गाडीने जाणाऱ्या बऱ्याच लोकांना कार्यालयीन वेळेत कुठे येता येत नाही.

आपले,
मुंबईतील बसप्रवासी आणि शहर वाहतुकीचे अभ्यासक